जैतुनबीचा चांगला रिपोर्ट

मजीदभाईंइतका संशयी माणूस मी दुसरा पाहिला नाही. औरंगपुऱ्यातल्या आमच्या लॅबमध्ये ते वीस वर्षं रक्त काढतायत, आणि समोर हात पुढे करून बसलेला प्रत्येक जण खोटारडा आहे असं धरूनच सुई टोचतात. लोकही काही कमी नाहीत म्हणा. तपासणीआधी चार दिवस चहा बंद, भात बंद, आणि रिपोर्ट चांगला आला की इथून थेट इमरती-जिलबीच्या दुकानात.

म्हणून तीन महिन्यांची साखर सांगणारी तपासणी आमच्याकडे सुरू झाली, तेव्हा मजीदभाईंना ईद झाल्यासारखं वाटलं. ते आपला चहाचा कप दाखवून पेशंटला समजवायचे. "ह्या कपाला डाग चढलाय, दिसतो ना? तशी साखर रक्तातल्या तांबड्या पेशींना चिकटती. पेशी जगती तीन-चार महिने, तोवर ती चिकटलेलीच. साखर जास्त, डाग जास्त. चार दिवस उपास करून काय लपवताय?" पेशंट ओशाळून गेला की माझ्याकडे वळायचे, "करुणा, माणूस खोटं बोलतो. रक्त नाय बोलत."

मलाही ते पटायचं. तेव्हा.

त्यांची अम्मी, जैतुनबी, खुलताबादला राहायची. साखरेची गोळी तिला आधीपासूनच होती. दर तीन महिन्यांनी ती पहिल्या एसटीनं उपाशीपोटी यायची आणि बाकाच्या कडेला, खिडकीजवळ बसायची. ठेंगणी, हसरी बाई. डोळे मात्र कायम पिवळट. "आमच्या घरात असेच असतात, माझ्या अब्बांचे बी होते," म्हणायची. हातात आमच्यासाठी डबा असायचा, दर्ग्यातल्या नियाजचा, म्हणजे प्रसादाचा, गोड मलिदा. मी तिला खाला, म्हणजे मावशी, म्हणायचे आणि तिच्यापेक्षा जास्त त्या डब्याची वाट पाहायचे, हे कबूल करते.

नव्या तपासणीत तिचा आकडा आला पाच पूर्णांक चार. निरोगी माणसाचा. आणि त्याच सकाळची उपाशीपोटीची साखर, शंभरच्या आत हवी ती, होती दोनशे तीस.

मजीदभाईंनी डब्याकडे पाहिलं. नियाजला नको म्हणायचं नसतं, हे तिनंच त्यांना लहानपणी शिकवलेलं. "अम्मी, एसटीत मलिदा खाल्लास ना?"

"नाय बेटा. अल्लाची कसम, काहीच खाल्लं नाय."

"तीन महिने साखर चांगली आणि आजच वाढली? रक्त खोटं बोलतं का?"

पुढच्या वेळी तेच. त्याच्या पुढच्या वेळी ती डबा न घेताच आली. आकडे तरी तसेच. "दर्ग्यातच खाऊन आलीस," मजीदभाई म्हणाले. तिच्या डॉक्टरांनाही त्यांनीच सांगितलं, की अम्मी तपासणीच्या दिवशी गोड खाते, एरवी सगळं ठीक असतं. डॉक्टरांनी तीन महिन्यांचा आकडा पाहून गोळी निम्मी केली. ती दोन वर्षं येत राहिली, तळपाय बधिर झालेत म्हणत राहिली, आणि मान खाली घालून तेच एक वाक्य बोलत राहिली. मी तिथंच होते. रिपोर्ट मीच छापायचे. एकदाही म्हटलं नाही, की मजीदभाई, म्हातारी खरं बोलत असेल.

मग तिच्या टाचेत बाभळीचा काटा मोडला आणि तिला कळलाच नाही. कळला तेव्हा पाय काळा पडला होता. दवाखान्यात एका तरुण डॉक्टरणीनं तिच्या पापण्या खाली ओढून पाहिल्या आणि मजीदभाईंना विचारलं, "ह्यांचं रक्त कधी काचपट्टीवर पाहिलंत?"

त्यांनी त्या दिवशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. निरोगी तांबडी पेशी मधोमध फिकट असते. जैतुनबीच्या कितीतरी पेशी बारक्या, गोल गरगरीत, मधला फिकटपणाच नसलेल्या. जन्मापासूनचा, घराण्यात उतरणारा दोष. असल्या पेशी तीन-चार महिने टिकत नाहीत, बऱ्याचशा महिनाभरात फुटतात. डोळे पिवळे होतात तेही त्यामुळंच. साखर भरपूर होती, पण चिकटायला पेशी जगायला तर हवी. डाग चढायच्या आत कपच बदलत होता. तिची खरी साखर सकाळची होती, दोनशे तीसची. पाच दिवसांनी जैतुनबी गेली.

ती काचपट्टी मजीदभाईंनी खणात ठेवलीय. आता कुणीही येवो, ते आधी डोळे बघतात. दोन आकडे जुळले नाहीत की काचपट्टी करतात, प्रथिनांना चिकटलेली साखर मोजणारी दुसरी तपासणी सुचवतात. पण एखादी म्हातारी "काही खाल्लं नाय" म्हणाली की त्यांचा हात सुईसकट थांबतो आणि नजर बाकाच्या त्या कडेला जाते. खरं सांगू? माझीही जाते. तिथं कुणी बसलं तरी मला आधी तीच दिसते.

यंदा ईदनंतर आम्ही लॅबमधल्या सगळ्यांनी आपापलं रक्त तपासलं. मजीदभाईंची उपाशीपोटीची साखर एकशे बहात्तर. तीन महिन्यांचा आकडा पाच पूर्णांक एक. मी कागद हातात घेऊन, नेहमीच्या थट्टेत, बोलून गेले, "काय मजीदभाई, सकाळी सकाळी शीरखुर्मा हाणला वाटतं?"

"नाय गं. काहीच खाल्लं नाय."

आवाज त्यांचाच होता, मान मात्र जैतुनबीसारखी खाली. मी कागद टाकला आणि त्यांच्याकडे नीट पाहिलं. ते पिवळट डोळे वीस वर्षं माझ्यासमोर होते. आम्ही त्याला जागरण म्हणायचो.

त्यांनी स्वतःच्या रक्ताची काचपट्टी केली, खणातली बाहेर काढली, दोन्ही आलटूनपालटून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवल्या. दोन्हींत त्याच बारक्या, गोल गरगरीत पेशी. मग बाकाच्या त्या कडेला जाऊन बसले आणि पेशंटसारखं मला विचारलं, "तुला तरी खरं वाटतं ना, करुणा?"

"व्हय," मी म्हटलं.

एवढंच तर खालाला हवं होतं. दोन वर्षं ती ह्या एका शब्दासाठी आमच्याकडे येत होती.