पनवेलची डावी बाही

स्वेटरच्या कामासाठी पनवेलला गेलेला माणूस बहुधा मी एकटाच असेन. त्या गावात डिसेंबरातही दुपारी लोक विंझणवारा घेत बसलेले असतात. तरीही ज्यांना लाँचने उरणवरून पनवेलला जायचं असेल, त्यांनी हे जरूर वाचावं. वाटेतल्या सगळ्या वेळा मी टिपून ठेवल्या आहेत.

आधी जाण्याचं कारण. गिरगावातल्या एका लोकरीच्या दुकानासाठी मी विणकामाचे नमुने लिहितो. किती टाके घालायचे, कुठे कमी करायचे, गळा कसा काढायचा, हे सगळं. ते छापतात मात्र ‘सुमनमावशी’ या नावाने. पुरुषाने सांगितलेला स्वेटर बायका विणणार नाहीत, असं मालकांचं मत. नववीत शाळा सुटली, पण टाक्यांचा हिशेब माझा कधी चुकला नव्हता. मग पनवेलहून एका शाळेच्या बाईंचं पत्र आलं. ‘सुमनमावशी, तुमचा सतरा नंबरचा नमुना अक्षरशः पाळला. डावी बाही उजवीपेक्षा चार बोटं लांब झाली. माझा भाऊ माकड नाही.’ खाली सही, रिबेका आपटेकर.

सोमवारी नमुन्यांचं पुस्तक छापायला जायचं होतं आणि सतरा नंबर त्यात पहिला होता. मालक शांतपणे म्हणाले, “जाऊन बघा. चूक तुमची निघाली, तर पुस्तक दुसऱ्या कुणाकडून लिहून घेऊ.”

रविवारी भाऊच्या धक्क्यावर पोचलो. लाँच साडेसातची होती, मी सव्वापाचला हजर. इतक्या लवकर जाऊ नये. मासळीच्या पाट्यांमध्ये उभं राहावं लागतं. लाँचवर इंजिनापासून लांब बसावं. मी जवळ बसलो. जीव थाऱ्यावर राहावा म्हणून पिशवीत हात घालून, आतल्या आत, विणायला लागलो. समोरची कोळीण बराच वेळ माझ्या पिशवीकडे पाहत होती.

“पिशवीत काय जित्तं हाय का?” तिने विचारलं.

मी सुया दाखवल्या. ती म्हणाली, “मग लपवता कशाला? आमच्यात जाळी बापेच इनतात.” तरी मोरा बंदर येईपर्यंत मी हात बाहेर काढले नाहीत.

मोऱ्याहून उरण आणि उरणहून पनवेलची एस. टी.; सगळा प्रवास दोन रुपयांच्या आत होतो. खिडकी मिळाली तर मिठागरं छान दिसतात. स्टँडवरची भजी गरम आहेत का ते विचारून घ्यावीत. मी विचारून घेतली, ती गारच निघाली.

रिबेकाबाईंचं घर तळ्याजवळ आहे. सुमनमावशींचा भाचा म्हणून मी ओळख सांगितली. बाईंचा धाकटा भाऊ बेनू मंगळवारच्या बोटीने कायमचा इस्राएलला निघाला होता. तिकडे थंडी, म्हणून स्वेटर. त्याच्या सुखरूप प्रवासासाठी बेने इस्राएलांच्या रीतीप्रमाणे घरात मलिदा केला होता. गूळखोबऱ्याचे पोहे आणि वर केळी, खजूर. मी संकोचाने दोनदाच घेतला. बेनूभाऊने स्वेटर घालून दाखवला. डावा हात दिसतच नव्हता. “एक हातमोजा वाचला,” तो म्हणाला.

मी बाह्या मोजायला घेतल्या. उजवीच्या एकशे आठ ओळी. डावीच्याही एकशे आठ. पुन्हा मोजल्या, मग खालून वर मोजल्या. तितक्याच. माझी चूक नव्हती! आनंदाने उठणार, तोच डाव्या बाहीचे टाके सैल दिसले.

“ही कुणी विणली?”

“ती गोदूकाकूंनी. उजवी मी,” बाई म्हणाल्या.

शेजारच्या गोदूकाकू तिथेच मलिदा खात बसल्या होत्या. त्या आळीत स्वेटर वाटून घेऊन विणतात. पाठ एकीकडे, पोट दुसरीकडे, बाह्या आणखी दोघींकडे. रिबेकाबाई विणताना बोलत नाहीत, गोदूकाकू विणताना थांबत नाहीत. मी दार लावून एकटा नमुने लिहितो. एका स्वेटरला चार जणींचे हात लागतील, हे कधी मनातच आलं नव्हतं. ‘दोन्ही बाह्या एकाच हाताने विणाव्यात’ ही ओळ मी लिहिलीच नव्हती. म्हणजे चूक माझीच.

माझ्या नमुन्यात बाही खांद्याकडून खाली विणतात, म्हणून मनगटाची पट्टी आणि तिच्या वरची चार बोटं उसवून पट्टी पुन्हा विणली की काम भागणार होतं. पण खोबरं खवताना गोदूकाकूंचं बोट कापलं होतं आणि बाईंचा घट्ट हात त्या सैल बाहीला जुळणारा नव्हता. शेवटी सुया मीच घेतल्या. माझा हात बाईंपेक्षाही घट्ट. पट्टी बाटलीच्या तोंडाएवढी झाली, बेनूभाऊचा पंजा आत जाईना. उसवली.

“तोंड मिटून विणताय म्हणून होतंय,” गोदूकाकू म्हणाल्या. “बोला काहीतरी.”

मी लाँचबद्दल बोललो, कोळणीबद्दल बोललो, गार भज्यांबद्दल जरा जास्तच बोललो. टाके सैल पडू लागले. तीन ओळी उरल्या आणि विषय संपले. हात पुन्हा आवळायला लागला. सांगण्यासारखं एकच उरलं होतं.

“सुमनमावशी मीच आहे,” मी म्हणालो.

गोदूकाकूंनी खजुराची बी बाजूला ठेवली. “ते तुम्ही सुया धरल्यात तेव्हाच कळलं. पुढे बोला, टाका आवळतोय.”

बेनूभाऊने स्वेटर पुन्हा घातला. दोन्ही बाह्या मनगटाशी थांबल्या. घामाने निथळत तो घरभर मिरवून आला.

सोमवारी मी मालकांना सांगितलं की चूक माझीच, एक ओळ राहिली होती. ते म्हणाले, लिहून दाखवा. मी लिहिलं: ‘दोन्ही बाह्या एकाच हाताने विणाव्यात. पहिली बोलत विणली असेल, तर दुसरीही बोलतच विणावी.’ त्यांनी दोनदा वाचलं, चष्मा पुसला आणि ती ओळ घालून पुस्तक छापायला पाठवलं.

हल्ली मी दार उघडं ठेवून विणतो. गेल्या आठवड्यात पनवेलहून पत्र आलं, पाकिटावर ‘श्री. सुमनमावशी यांस’. पोस्टमनने काही न विचारता माझ्या हातात दिलं. बेनूभाऊने बहिणीला कळवलंय की थंडी कडाक्याची आहे, स्वेटर अंगातून निघत नाही. डाव्या बाहीतून जरा वारा शिरतो, पण ती बाही त्याला बदलायची नाही. वारा लागला की गोदूकाकू बोलतायत असं वाटतं.