ताणावरची बाग

हे मी आजवर कोणाजवळ बोलले नाही. नवऱ्याजवळ नाही, आईजवळ नाही, आणि ज्याच्याजवळ बोलायला हवं होतं त्या माझ्या भावाजवळ तर नाहीच. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही. हाही भित्रेपणाच झाला — असू द्या.

मी आमच्या घरातली पहिली पदवीधर. हे मी अजूनही ताठ मानेनं सांगते. का सांगू नये? काटोलजवळच्या आमच्या गावाहून एसटीनं उभी राहून नागपूरला जात शिकले. आता ज्या कंपनीत आहे ती बाहेरचा पैसा संत्र्यात आणते — फळं निवडायची मशीन, शीतगृह, परदेशी खरेदीदारांशी करार. पूर्वी व्यापारी यायचा, झाडाखाली उभा राहून वर बघायचा आणि अख्ख्या बागेचा सौदा करून जायचा. आता गुंतवणूकदारांना आधी पडद्यावर बाग दाखवावी लागते. ती दाखवणारी मी.

घरची बाग विनोददादा करायचा, माझा मोठा भाऊ. मी सुटीत गावी गेले की बांधावरूनच ओरडायचा, "आली वं आमची मॅडम! खुर्ची आना गा कोनी, माती लागन तिले!" मी चिडायचे. आतून आवडायचंही. त्या बागेत त्याचा शब्द शेवटचा होता, बाबासुद्धा त्याला विचारून पाणी सोडायचे. त्याच्यापाशी एवढंच होतं — आणि तेच मी काढून घेतलं.

थांबा. आधी ताण म्हणजे काय ते सांगते.

आंबिया बहार, म्हणजे थंडी सरताना येणारी फुलं, हवा असेल तर थंडीत संत्र्याचं पाणी तोडतात. पानं वळतात, पिवळी पडतात, काही गळतात. नवखा माणूस म्हणेल, बाग मेली. पण झाड असं तहानलेलं ठेवलं तरच नंतरच्या पाण्यावर ते फुलतं. मध्येच पाणी मिळालं तर फुलं येत नाहीत, नुसती नवती फुटते. कोवळी, चमकदार पानं. दिसायला फार सुंदर. आणि तो बहार गेला.

हे मला माहीत नव्हतं का? शाळेत जायच्या आधीपासून माहीत होतं.

त्या हिवाळ्यात परदेशातून दोन गुंतवणूकदार यायचे होते. मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर साहेब म्हणाले, "मॅडम, तुमच्या घरचीच बाग दाखवू. हिरवीगार असेल ना?"

मी म्हणाले, "हो सर."

बास, इथंच सुरू झालं. एका वाक्याचं काम होतं — सर, सध्या झाडं ताणावर आहेत, सुकलेली दिसतील, तीच चांगली खूण आहे. पाहुण्यांना ते आवडलंही असतं कदाचित. मग का नाही बोलले? लाज वाटली. सुकलेल्या झाडांमध्ये मला उभं बघून ते म्हणतील, ही इथली — असं वाटलं. ज्या बागेनं मला वाढवलं तिची लाज वाटली मला.

त्या आठवड्यात घरचे तिघंही काटोलला लग्नाला गेले होते. मला सुटी नाही, असं मी सांगितलं होतं. मी गेले — घरी नाही, थेट बागेत. शेतीची वीज त्या आठवड्यात दिवसाची होती, आमच्याकडे तिला लाइन म्हणतात. दादानं बागेच्या कडेला सांबाराचा, म्हणजे कोथिंबिरीचा, वाफा केला होता, त्याचं पाणीही त्याच मोटारीवर. वाफा ओला होता, म्हणजे निघण्यापूर्वी त्यानं सांबाराला पाणी दिलं होतं. ते बघून मला बरं वाटलं. का बरं वाटलं, ते तेव्हा मी स्वतःलाही विचारलं नाही. मोटार चालू केली, बागेचा व्हॉल्व्ह उघडला आणि तसाच ठेवून बसस्टँडवर आले. विसरले? नाही. लाइन जाईपर्यंत पाणी चालायला हवं होतं.

संध्याकाळी लग्नाहून परतल्यावर आईचा फोन आला. मागून बाबांचा आवाज ऐकू येत होता. "कोनं सोडलं पानी? भूत आलं काय?" आणि मग दादाचा, अगदी हळू, "मायंच चुकलं असन, बाबा. सांबारले देल्लं, तवा तो व्हॉल्व्ह राहिला असन उघडा."

राहिला असन. त्यानं स्वतःच मानलं. तेव्हाही बोलता आलं असतं.

चार-पाच दिवसांत पानं उघडली. पाहुणे आले, थोडं फिरले, फोटो काढले, रस्ता कसा आहे आणि वीज किती वेळ असते ते विचारलं. झाडांबद्दल काही नाही. नागपूरजवळ वाडीला मात्र कंपनीच्या गोदामाची उंची टेप लावून मोजली. पैसा गोदामात आला. बाग हिरवी होती की पिवळी, याच्याशी त्यांना काही घेणंदेणं नव्हतं. दादा माझ्याजवळ येऊन म्हणाला, "चाल वं, तुया पाहुण्यांपुरती तरी हिरवी दिसली."

फुलं आली नाहीत. बाबांनी बाग मक्त्यानं दुसऱ्याला दिली. दादाला वाडीच्या गोदामात मी लावून दिलं. गावात म्हणतात, बहीण असावी तर अशी. मी ऐकून घेते. शटर लावल्यावर तो कुलूप ओढून बघतो, चार पावलं जातो, परत येऊन पुन्हा ओढतो. पोरं हसतात त्याला. मी तिथं असले तर फोनमध्ये बघते.

या दिवाळीला मक्ता संपला. जेवताना बाबा त्याला म्हणाले, "आता तूच पाह्य गा बाग. झालं गेलं सोड." मला वाटलं, तो उठून उभाच राहील. तो ताटातच बघत राहिला. म्हणाला, "नको बाबा. मले माया हातायचा भरोसा नाही." मग माझ्याकडे वळला, "तूच सांग वं बाबाले."

सगळे माझ्याकडे बघत होते.

मी म्हणाले, "दादा म्हणतो ते बरोबर आहे."

शिकलेल्या माणसाचा शब्द म्हणून बाबांनी तो मानला. बाग पुन्हा मक्त्यानं गेली.