साहेबाचा हार

नाशकात त्या खुनाला सगळेच हजर होते. म्हणजे ज्याला विचाराल त्याचा पणजोबा त्या संध्याकाळी नाटकगृहात होता. कुणाचा पहिल्या रांगेत, कुणाचा दाराशी, आणि एकाचा तर म्हणे पिस्तुलाच्या इतका जवळ की तो जन्मभर एका कानानं बहिरा राहिला. गोऱ्या कलेक्टरला निरोप द्यायला नाटक ठेवलं होतं आणि साहेब नाटक बघायला आला तो तिथंच गोळ्या लागून मेला, हे आम्ही सगळे शाळेत शिकलो. पण या सगळ्या पणजोबांना बसवायचं तर ते नाटकगृह गोदाघाटाएवढं असायला हवं होतं. आणि एवढ्या गर्दीत एकाचाही पणजोबा बाकाखाली लपला नव्हता, याचं मला फार कौतुक वाटतं.

माझ्या आईचा आजा मात्र खरंच तिथं होता. हसा खुशाल, मीही हसले असते. पण आमच्याकडे ही गोष्ट कुणी कधी मिरवली नाही, कारण मिरवण्यासारखं तिच्यात काही नव्हतंच.

आजा फुलमाळी. साहेबाच्या गळ्यात घालायला झेंडूचा मोठा हार कर, असा कचेरीतून निरोप आला, त्यानं केला. बाजूच्या दाराशी हार घेऊन उभा राहा म्हणाले, राहिला. मग आवाज झाले, ओरडा झाला, सगळे पळाले. हा तिथंच उभा. त्याला जा असं कुणी सांगितलं नव्हतं. शेवटी हार हातात घेऊन मळ्यात परतला आणि बायकोला म्हणाला, "आता हाराचं काय करू?" देवाला घालता येईना, कारण तो माणसाच्या गळ्यासाठी केलेला. ज्याच्यासाठी केला तो माणूस मेलेला. आजी म्हणाली, "विहिरीवर टाक वाळायला. बी धरंल."

दुसऱ्या दिवशी शिपाई त्याला घेऊन गेले. सगळे पळाले, तू का नाही पळालास, तुला आधीच ठाऊक होतं काय, असं म्हणून चांगला बडवला. सुटून आला तर आळीतली माणसं साहेबाचा माळी म्हणून थुंकायला लागली. सरकारनं मारलं, देशभक्तांनी हिणवलं. त्यानंतर आजानं घराला एक नियम घालून दिला: माणसाच्या गळ्यात आपला हार दोनदाच, लग्नात आणि तिरडीवर.

आईनं हा नियम माहेरहून आणला आणि आमच्या मळ्यात लावला. लग्नानंतर सासरच्यांनी डोळे वटारले, पण तिनं ऐकलं नाही. देवाचे हार, तोरणं, गजरे, वेण्या सगळं करील, सत्काराचा हार नाही. निवडणुका आल्या की आजूबाजूचे मळेवाले क्रेननं उचलायचे हार करतात. हार एका पुढाऱ्याला, पण घेर तीन माणसं मावतील एवढा. आई तेव्हा सुटी फुलं पाटीत भरून बाजारात बसते आणि कुणी हार मागितला तर विचारते, "लग्नाचा का तिरडीचा?" गिऱ्हाईक पळतं. मला लहानपणी याची लाज वाटायची. आता तिच्या ठसक्याचा हेवा वाटतो.

मी शाळेत शिकवते आणि एका हौशी संस्थेच्या नाटकांत कामं करते. कामं म्हणजे आई, मावशी, शेजारीण, आणि एकदा झाड. तर आमच्या दिग्दर्शकाला मागच्या वर्षी साक्षात्कार झाला. पुण्याला कुठल्याशा शिबिराला जाऊन आला होता, झब्बा नवीन होता. पहिल्याच बैठकीत म्हणाला, "मला पिस्तूल नको. मला पिस्तुलाच्या आजूबाजूची माणसं हवीत. दिवे लावणारा, तिकीट फाडणारा, पडदा ओढणारा. इतिहासानं ज्यांना वगळलं त्यांचं हे नाटक." आम्ही भारावलो. मी तर इतकी भारावले की आजाची गोष्ट सांगून बसले. त्यानं डोळे मिटून ऐकली, मग म्हणाला, "ताई, हेच तर नाटक आहे."

प्रवेश लिहिला गेला. सातपूरच्या कारखान्यात पाळीनं काम करणारा आमचा एक नट आजा झाला आणि मी त्याची बायको, म्हणजे आईची आजी. त्याला एक वाक्य, मला एक. त्याचं वाक्य तो छान म्हणायचा, दिवसभर मशीनपुढं उभं राहून आलेल्या माणसाला वेगळा थकवा आणावा लागत नाही. माझ्या वाक्यापाशी मात्र दिग्दर्शक अडून बसला. "ताई, 'विहिरीवर टाक' याच्यानंतर पॉज. दूर बघा. या बाईला सगळ्या साम्राज्याची वेदना झालीय." मी म्हटलं, बाईला झोप आली असेल आणि उद्याची तोडणी आठवत असेल. तो म्हणाला, तुम्ही खूप वरवर बघता. मग मी दूर बघायला लागले. दूर भिंतीवर पंख्याची बटणं होती.

आईला सांगितलं तेव्हा ती गवताला बसली होती. खुरपं थांबलं.

"आजा दिसंल तिथं? उभा?"

"दिसेल ना."

"काय बोलतो?"

"एकच वाक्य आहे, आई."

"बास झालं. तो लय बोलायचाच नाय." मग खुरपं पुन्हा चालवत, "हार कशाचा हाय?"

प्लास्टिकचा, दुकानातून आणलाय, असं मी सांगितलं. तिनं माझ्याकडे असं बघितलं की मी उगाच पदर सारखा केला. आजाच्या मांडीवर बसून ती सुई ओवायला शिकली होती. त्याला आळीनं नावं ठेवली ती तिनं लहानपणभर ऐकली होती. आता लोकांसमोर तो उभा राहणार, कुणी थुंकणार नाही, वर टाळीही वाजेल, यासाठी ती काहीही करायला तयार होती.

प्रयोगाच्या दिवशी पहाटेच ती ओट्यावर फुलं घेऊन बसली. मळ्याच्या कोपऱ्यात ती गावठी झेंडूची एक ओळ राखते. बाकी शेतात रोपवाटिकेतून आणलेला, टपोऱ्या फुलांचा. त्याचं बी धरलं तरी पुढच्या वर्षी तसं फूल येत नाही, दरवर्षी रोपं विकत घ्या. आईनं गावठी ओळ रिकामी केली. जन्मभराचा नियम तिनं मोडला. मी विचारलं तर म्हणाली, "ह्यो सत्काराचा कुठं हाय? ह्यो आजाचा हाय." हार इतका देखणा झाला की मी तो परातीत घालून, ओल्या फडक्यानं झाकून नाट्यगृहात नेला. रंगपटात सामानाच्या टेबलावर ठेवला. आईला तिसऱ्या रांगेत बसवलं. तिनं लग्नाकार्यातलं लुगडं नेसलं होतं.

दुपारचा प्रयोग. प्रायोजक होते एक बांधकामवाले, येत्या निवडणुकीला उभं राहायच्या तयारीतले. ते येईपर्यंत पडदा उघडायचा नाही. बराच वेळ ते आले नाहीत. आले तेव्हा बरोबर एवढी माणसं आली की सामान्य माणसांवरच्या नाटकाला आलेली सामान्य माणसं उठवून त्यांना बसवावं लागलं. मग दीप, मग प्रतिमा, मग भाषण. त्यांचेही पणजोबा तिथं होते, हे ओघानं आलंच. पहिल्या रांगेत.

सत्काराची वेळ आली आणि कळलं की शाल आणलीय, नारळ आणलाय, हार आणायचा राहिलाय. दिग्दर्शक स्वतः आत धावत आला. टेबलावरचा हार त्यानं उचलला.

मी म्हटलं, "अहो सर, तो आजाच्या प्रवेशातला आहे. माझ्या आईनं केलाय."

"हो हो, ताई, आईंना सांगा, फार सुंदर झालाय." आणि गेला.

मी विंगेत उभी होते. माझ्या आईचा हार एका जिवंत, सुटलेल्या पोटाच्या, फोटोसाठी मान तिरकी केलेल्या माणसाच्या गळ्यात पडला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी तिसऱ्या रांगेकडे बघितलं. आई हात मांडीवर ठेवून बसली होती. तिचं तोंड नेहमीसारखंच होतं. मला मात्र त्या माणसाच्या अंगावर धावून जावंसं वाटलं. अजून वाटतं.

मग दिग्दर्शक घाम पुसत आला. पुढच्या कार्यक्रमासाठी नाट्यगृह रिकामं करायचं होतं, वेळ उरला नव्हता. "थोडं ट्रिम करू," तो म्हणाला. दिवे लावणारा गेला, तिकीट फाडणारा गेला, पडदा ओढणारा गेला, आजा गेला, मी गेले. काय राहिलं? पिस्तूल राहिलं. शिवाय आवाज नीट पोहोचावा म्हणून ते जास्तीच वाजवलं. देशभक्ताचं लांबलचक भाषण राहिलं, आणि आम्ही वगळलेले सगळे शेवटी गर्दी म्हणून ओरडत इकडून तिकडे पळालो. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा. आजा झालेला नट मिशी लावून बसला होता, ती त्यानं मुकाट्यानं काढली. "बरं झालं, रात्रपाळीला वेळेवर जाईन," म्हणाला. त्याच्या घरचीही माणसं आली होती.

पडदा पडल्यावर दिग्दर्शकाचं कौतुक चाललं होतं. सामान्य माणूस काय दाखवलाय, असं कुणीतरी म्हणालं. दिसला कुठे ते मी विचारणार होते, पण आई शोधायची होती.

ती रंगमंचाच्या पायऱ्यांपाशी उभी होती. प्रायोजकांनी, सगळे पुढारी करतात तसा, फोटो होताच हार काढून सोबतच्या माणसाकडे दिला होता, त्यानं तो समईजवळच्या खुर्चीवर टाकला होता. आईनं तो उचलला. कुणी अडवलं नाही. हार घेऊन उभ्या असलेल्या म्हातारीला कोण काय विचारणार?

बाहेर लख्ख ऊन होतं. रिक्षात ती हार मांडीवर घेऊन बसली. सॉरी म्हणावं तर ते फार हलकं वाटलं.

रिक्षावाला आरशातून बघत म्हणाला, "आजी, सत्कार होता का तुमचा?"

पंचवटी ओलांडेपर्यंत आई हारातली दबलेली फुलं सारखी करत राहिली. मग हाराकडे बघत माझ्याशी बोलली.

"आता ह्याचं काय करू?"

माझा राग तोवर नाकातोंडातून वाहत होता. मी दूर बघितलं नाही, थांबले नाही, साम्राज्याचा विचारही केला नाही. फाडकन म्हणाले, "विहिरीवर टाक वाळायला. बी धरंल."

आईनं मान वर केली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ती हसत होती.

"आजी अशीच बोलायची," ती म्हणाली. "अशीच चिडून."