चार दिवस कमी

साहेब बोलताना अंगठ्याने बोटांची पेरं मोजायचे. समोर कॉम्प्युटर, टेबलावर कॅल्क्युलेटर, तरी सुरुवात करंगळीच्या बुडापासून. "मोजा राव. मोजलेलं खोटं बोलत नाही," हे त्यांचं पालुपद. चिंचवडच्या आमच्या कामगार विमा कार्यालयात त्यांच्या माघारी ही नक्कल केल्याशिवाय आम्हा कारकुनांचा चहा संपत नसे.

माणूस चाकणजवळच्या निघोज्याचा, शेतकऱ्याघरचा. शेतांत कंपन्या आल्या तेव्हा भाऊबंदांनी जमिनी विकून गाड्या घेतल्या, हे परीक्षा देऊन विमा खात्यात चिकटले. तपासनीस, शाखाप्रमुख, विभागप्रमुख असं करत, इथली खुर्ची सांभाळून, दिल्लीत नियम ठरवणाऱ्या समितीवर जाऊन बसले. घरी मात्र शेवटपर्यंत 'हाय', 'न्हाई' असं गावाकडचंच बोलले.

पूर्वी मोठ्या ऑपरेशनचा खर्च मंजूर करणं अधिकाऱ्याच्या मर्जीवर असे. पुढाऱ्याची चिठ्ठी आली की कागद पळायचा, नसली तर माणूस व्हरांड्यात बसून वाळायचा. साहेबांनी त्या समितीतून ते मोडून काढलं. ठरावीक दिवसांची हजेरी भरली तर उपचार हक्काचे, नाही तर नाही. सवलत द्यायचा अधिकार कुणालाच नाही, त्यांना स्वतःलाही नाही. त्या दिवशी आम्ही कार्यालयात पेढे वाटले. मला आज त्या पेढ्यांची लाज वाटते.

कारण कामगार कायम होऊ नये म्हणून ठेकेदार मधेमधे 'ब्रेक' देऊन कामगाराची हजेरी तोडतात, हे चाकणचं शेंबडं पोरही सांगेल. नियम लिहिताना ते आमच्या एकाच्याही डोक्यात आलं नाही. साहेबांच्या डोळ्यांपुढे कायमच्या नोकऱ्यांचे जुने कारखाने होते.

मग लातूरकडची एक बाई आली. नवरा चाकणला ठेकेदाराकडे वेल्डर, त्याच्या हृदयाची झडप बदलायची होती. साहेबांनी हजेरी तीनदा मोजली.

"चार दिवस कमी पडतात, ताई."

"तुम्ही मोठे साहेब ना? लिहा की मग."

"तो अधिकार मीच काढून टाकलाय."

तिला ते कळलं नाही. कुणाला कळणार?

साहेब स्वतः दिल्लीला गेले. पुढच्या बैठकीत विचार करू, असं उत्तर घेऊन आले. धर्मादाय दवाखान्यात खेटे घालून त्यांनी ऑपरेशनची तारीख मिळवली. तारखेच्या आठवडाभर आधी तो वेल्डर गेला.

बाई विम्याचं कार्ड परत द्यायला आली. रडली नाही. कार्ड टेबलावर ठेवून म्हणाली, "ते चार दिवस कामावर गेल्ते की साहेब. चारच काय, सगळ्या ब्रेकात जायचे. ब्रेकात ठेकेदार काम घेतो, हजेरी लावत नसतो."

साहेबांचा अंगठा करंगळीवर होता, तो तिथेच राहिला. ती गेल्यावर ते म्हणाले, "मोजलेलंबी खोटं बोलतं रे." त्यानंतर मी त्यांना पेरं मोजताना पाहिलं नाही. आमची नक्कलही आपोआप बंद झाली.

निवृत्त होईपर्यंत त्यांनी नियम बदलायला सात वेळा प्रस्ताव पाठवला. प्रत्येक वेळी दिल्लीहून त्यांचंच जुनं टिपण जोडून कागद परत यायचा. सवलतीने वशिला कसा वाढतो, हे त्यांनी फार उत्तम लिहिलं होतं.

शेवटी रावेतला मुलाकडे ते अंथरुणाला खिळले होते. एका रविवारी भेटायला गेलो.

"नियम बदलला का?"

"बदलला, साहेब," मी धडधडीत खोटं बोललो. वाटलं, माणूस सुखाने तरी जाईल.

ते माझ्याकडे बघत राहिले. "या आठवड्यात कुणाला माघारी धाडलंस?"

मी मान खाली घातली.

"किती कमी पडत व्हते?"

"दोन दिवस."

साहेबांनी पांघरुणाबाहेर हात काढला, अंगठ्याने करंगळीची दोन पेरं मोजली आणि मूठ मिटून भिंतीकडे तोंड केलं.

पुढच्या महिन्यात ते गेले. नियम आहे तसाच आहे, आणि खिडकीवर मी आहे.