एका स्क्रूपायी

ओरिन हॅस्केटचं दुकान गावाच्या टोकाला, धान्याच्या कोठारापलीकडे होतं. पाटी नव्हती. मोंटानाच्या त्या भागात जुन्या बंदुका दुरुस्त करणारा तो एकटाच, त्यामुळे ज्याचं अडे त्याला वाट ठाऊक असे. बायको वारल्यापासून मात्र लोकांचं फारसं अडेनासं झालं. सगळे तिच्या कॉफीसाठीच येत होते की काय, अशी शंका ओरिनला येई, आणि ती खरीही असावी.

नोव्हेंबरात मिसेस लुंड आल्या. लांबच्या रँचवर एकट्या राहणारी विधवा बाई, वयाने ओरिनपेक्षा मोठी. फडक्यात गुंडाळलेलं रिव्हॉल्व्हर त्यांनी टेबलावर ठेवलं. निकेलच्या मुलाम्याला पोपडे आलेले, गोळ्यांचं चक्र गंजून घट्ट बसलेलं. हस्तिदंती मूठ एका बाजूने पिवळी पडलेली, आणि ती धरून ठेवणारा स्क्रूच नाही.

"वडिलांचं आहे. धान्याच्या खोलीची जमीन उचकटली, तर फळीखाली निघालं. होईल का रे काही याचं?"

"नवा मुलामा चढवला तर आरशासारखं चमकेल, मिसेस लुंड. पण मग ते तुमच्या वडिलांचं राहणार नाही."

"मग नको. तू आपलं सावकाश कर. मला काही घाई नाही."

त्या मुलखात असंच म्हणतात. रँचवाल्याला गुरं किती विचारू नये आणि कारागिराला काम कधी होईल विचारू नये. घराला आग लागली असली तरी शेजाऱ्याला आधी जेवून घे म्हणतील, अशी ती माणसं. ओरिनही तिथलाच, पण त्याने ते शब्दशः खरं धरलं.

काम त्याने जीव लावून केलं. मुठीखालचा नंबर जुन्या कॅटलॉगांशी ताडून पाहिला, तेव्हा शंभराहून जास्त वर्षांचं निघालं. तेलात बुडवून तांब्याच्या जुन्या नाण्याने एकेक गंजाचा ठिपका खरवडला, म्हणजे खालच्या निकेलला ओरखडा जात नाही. हस्तिदंताला पाणी लागू दिलं नाही, आणि मुठीचा पिवळेपणाही तसाच ठेवला. तो वयाने आलेला, घासून घालवायचा नसतो.

दर मंगळवारी मिसेस लुंड गुरांचं खाद्य न्यायला गावात येत आणि त्याच्याकडे डोकावत.

"ही कॉफी आहे की छपराचं डांबर?" असं म्हणत दोन कप पीत. वासरं, बर्फ, कुंपणाच्या तारा, असल्या गप्पा होत. जाताना टेबलाकडे एक नजर टाकत, बस्स. ओरिन मंगळवारी दाढी करू लागला. बाकीचे सहा दिवस त्याच्याशी फक्त रेडिओ बोलायचा.

फेब्रुवारीत त्याच काळातला स्क्रू मिळाला. मूठ चपखल बसली, काम संपलं. ओरिनने रिव्हॉल्व्हर ड्रॉवरमध्ये ठेवलं आणि पुढच्या मंगळवारी म्हणाला, "स्क्रू काही मिळत नाही अजून." दिलं की त्या कशाला येतील? खोटं एकदा पाळलं की त्याला दर आठवड्याला खायला घालावं लागतं. ओरिन घालत राहिला.

एप्रिलमध्ये एका मंगळवारी त्यांनी कॉफीला हातच लावला नाही.

"ओरिन, असं विचारू नये, कळतं मला. पण माझा भाऊ व्हर्न, तो तिकडे माइल्स सिटीच्या हॉस्पिटलात आहे, आता थोडेच दिवस उरलेत. वडील गेले तेव्हा हे रिव्हॉल्व्हर सापडेना. मीच चोरलं, असा आळ घेतला माझ्यावर. त्यानंतर तोंड नाही बघितलं माझं. एकदा त्याच्या हातात द्यायचंय. गंजकं नेलं असतं तर म्हणाला असता, चोरलंस ते चोरलंस, वर सडवलंस."

ड्रॉवर ओरिनच्या गुडघ्याला टेकलेला होता. उघडून दिलं असतं तर बाई तिथूनच माइल्स सिटीला गेल्या असत्या. पण उघडला असता तर दोन महिन्यांचं खोटंही बाहेर आलं असतं. त्याला लाज वाटली. निव्वळ लाजेपायी तो म्हणाला, "करतो काहीतरी. उद्या सकाळी घरी आणून देतो."

सकाळी तो पोहोचला तेव्हा मिसेस लुंड कोट घालून अंगणात उभ्या होत्या. पहाटे हॉस्पिटलातून फोन आला होता.

त्यांनी रिव्हॉल्व्हर हातात घेतलं, मुठीवर अंगठा फिरवला. "वडिलांच्या कमरेला अगदी असंच दिसायचं," त्या म्हणाल्या. मग त्याच्याकडे पाहून, "माझ्यासाठी रात्रभर जागलास ना रे?"

ओरिन खरोखरच जागला होता, फक्त काम करत नव्हता. त्याने होकारार्थी मान हलवली.

शनिवारी चर्चच्या तळघरात व्हर्नच्या दफनानंतरचं जेवण होतं. त्या एका रात्रीची गोष्ट बाईंनी सगळ्यांना सांगितली होती. वर्षानुवर्षं नुसता टोपीला हात लावून पुढे जाणारे लोक आज त्याचा हात हातात घेत होते. कुणी पाठ थोपटली. हॅम आणि बटाट्यांनी भरलेली बशी पुढे आली. मिसेस लुंडनी आपल्या शेजारची खुर्ची ओढली.

"बस. अजून थकलेला दिसतोस."

खरं सांगायला ओरिनने तोंड उघडलं, तेवढ्यात समोरच्या बाईने विचारलं, "उद्या दुपारी आमच्याकडे येशील का जेवायला? एकटा काय करतोस तिकडे?"

इतक्या माणसांत तो कित्येक वर्षांनी बसला होता, आणि इतकं एकटं त्याला आपल्या रिकाम्या दुकानातही कधी वाटलं नव्हतं.

"येईन," तो म्हणाला, आणि जेवू लागला. जेवण त्याला गोड लागलं, याचीच त्याला सगळ्यात जास्त लाज वाटली.