पहिल्या रांगेतले भामरे सर

पीएच.डी.चा व्हायवा ऐकायला कुणीही जाऊ शकतं, पण जातं कोण? विद्यार्थ्याचे आईवडील, पेढ्यांचा बॉक्स सांभाळणारा मेहुणा आणि आमचे भामरे सर. सर जामनेरहून एसटीने जळगाव गाठायचे, तेही एकाच गाईडच्या विद्यार्थ्यांसाठी. पहिल्या रांगेत बसायचे. शेवटी ‘कुणाला काही विचारायचंय?’ असा पुकारा झाला की उभे राहायचे.

“पानावरचे हे डाग तुम्ही स्वतः कुठल्या बागेत पाहिले?”

पोरगं अडखळायचं, गाईडचा चेहरा उतरायचा आणि सर शांतपणे खाली बसायचे.

आम्ही दोघं एकाच कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचो. सर मूळचे साक्रीकडचे. एरवी शुद्ध बोलत, संतापले की अहिराणीत शिरत. तरुणपणी याच गाईडच्या हाताखाली त्यांनी केळीवरच्या करपा रोगाचा अभ्यास केला होता. रावेरपासून चोपड्यापर्यंतच्या बागा पायाखाली घातल्या होत्या. गाईड म्हणाले, “काम कच्चं आहे, पुन्हा करा.” पुढे तेच काम गाईडच्या पुतण्याच्या प्रबंधात छापून आलं. पुतण्या डॉक्टर झाला, सरांनी संशोधन सोडलं.

“कागद चोरता येस, समज चोरता येत नही,” ते म्हणायचे.

एकदा न राहवून मी विचारलं, “सर, पण त्या पोरांचं काय चुकलं?”

“काहीच नही. मन्हं तरी काय चुकनं व्हतं?”

मग एके दिवशी त्याच गाईडची विद्यार्थिनी, प्रतिभा, थेट सरांच्या घरी आली. मी तिथेच चहा घेत होतो.

“सर, माझा प्रबंध मी स्वतः लिहिलाय. पण तुम्ही समोर बसलात तर मला बोलताच येणार नाही. नका ना येऊ.”

सरांनी तिला निरखून पाहिलं. “सोता लिखेल शे ना? मंग उद्या बागमा चाल.”

पहूरजवळच्या एका केळीबागेत त्यांनी तिला प्रश्न विचारून विचारून रडवलं. ती पुन्हा आली. पुन्हा रडली. शेवटी एकदा चिडून म्हणाली, “नाही सर, तुमचंच चुकतंय. हा डाग करप्याचा नाहीच!” सर वाकून पान बघत राहिले आणि मोठ्याने हसले.

व्हायवाला तिने त्यांच्या प्रत्येक प्रश्नाला ताठ मानेने उत्तर दिलं. सर मात्र खाली बसले नाहीत. गाईडकडे वळून म्हणाले, “हिला येतं. आता सर, तुम्ही सांगा. हिनं सांगितलं ते तसं का होतं?”

गाईडनी चष्मा पुसला, घड्याळ पाहिलं. “वेळ संपली,” म्हणाले. त्यानंतर त्यांच्याकडे नवे विद्यार्थी जाईनासे झाले.

“झालं ना समाधान?” त्या दिवशी सरांबरोबर परतताना मी विचारलं.

“त्याले रिटायर व्हवाले अजून टाइम शे.”

मागच्या उन्हाळ्यात सरांना पोटाचा कर्करोग निघाला. जळगावच्या दवाखान्यात मी सरांजवळ बसलेलो असताना गाईड त्यांना भेटायला आले. आता तेही थकले होते, कानाने कमी ऐकत होते. काठी टेकवून खाटेशेजारी बसले.

“भामरे, झालं गेलं विसरून जा.”

सर पुटपुटले, “मी इसरी जासू, सर. मन्हाकडे दिवसच किती शेतस? तुम्ही ध्यानमा ठेवा.”

गाईडनी माझ्याकडे पाहिलं. “काय म्हणाले?”

मी त्यांच्या कानाशी वाकलो आणि सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल अशा आवाजात, एकही शब्द न गाळता, ते पुन्हा सांगितलं.