साडूंच्या देव्हाऱ्यातली पलटण

अख्ख्या नाशिक जिल्ह्यात खोट्या वस्तूंना कुणाची भीती वाटत असेल, तर ती माझ्या साडूंची. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, म्हणजे आमच्या ताईंचे, हे यजमान. सातपूरच्या एका कारखान्यात तपासनीस म्हणून त्यांनी उभी हयात माल नापास करण्यात घालवली. निवृत्तीच्या दिवशी कारखान्याने त्यांना शाल आणि नारळ दिला, तेव्हा भाषण सुरू असतानाच त्यांनी शालीचा एक धागा ओढून जाळून बघितला आणि शेजारच्या साहेबांच्या कानात म्हणाले, "लोकर नाही." नारळ मात्र पास झाला. कारखाना सुटला, पण सवय सुटली नाही. आता घरात येणारं पनीर, केशर, मध, एवढंच काय, शेजाऱ्यांकडे येणारे पाहुणेसुद्धा त्यांच्या नजरेखालून जातात. एका लग्नात अक्षता टाकता टाकता ते मला म्हणाले, "नवऱ्या मुलाचे केस बघा, डाव्या बाजूनं शिवण दिसते." त्यानंतर मला मंगलाष्टकं ऐकूच आली नाहीत. त्र्यंबकेश्वरला दर्शनाला गेलो, तर देऊळ राहिलं बाजूला, हे रुद्राक्षवाल्याच्या पाटीसमोर मांडी घालून बसले. भिंग काढून एकेक मणी बघत "रिजेक्ट, रिजेक्ट" असं त्यांचं चाललेलं. शेवटी तो म्हातारा विक्रेता वैतागून म्हणाला, "बाबा, आधी तुमची भक्ती अस्सल हाय का ते बघा, मग माझा माल बघा." साडूंना हा मुद्दा तत्त्वतः मान्य झाला, पण भक्तीला भिंग कुठून लावायचं हे न कळल्यामुळे तो विषय तिथेच राहिला.

या सगळ्या तपासणीचा कळस म्हणजे ब्रिटिश फौजेतल्या शिपायांच्या टोप्यांवरचे जुने पितळी बॅज. आमच्याकडे देवळाली कॅम्प असल्यामुळे भंगारात अजून अधूनमधून एखादा निघतो, आणि निघाला की भंगारवाले आधी साडूंना फोन करतात. घरात सगळे त्यांना बिल्ले म्हणतात. त्यावर साडू उखडतात. "बिल्ला हमालाच्या दंडावर असतो. हा बॅज आहे. याच्यामागं एक डोकं होतं!" बॅज हातात आला की ते आधी तो गालाला लावून डोळे मिटतात, मग त्याचा वास घेतात, मग दातांवर हलकेच वाजवतात. भिंगाचा नंबर त्यानंतर. अस्सल बॅज म्हणजे पत्र्यावर ठसा मारून केलेला. त्याची पाठ पोकळ असते आणि पुढचं चित्र मागे खळगा होऊन दिसतं. नक्कल म्हणजे वाळूच्या साच्यात ओतलेली. तिची पाठ भरीव, आणि भिंगाखाली अंगभर रवे. एवढं साधं शास्त्र आहे. पण साडू तेवढ्यावर थांबत नाहीत. एकदा गालाला लावलेला बॅज बराच वेळ तसाच धरून ते भरल्या आवाजात म्हणाले, "यानं बर्फ बघितलाय हो." मी तो हातात घेतला. मला तो जरा कोमट वाटला.

टोपी दिसली की त्यांचा हात शिवशिवतो. बँकेच्या दारातल्या वॉचमनची टोपी त्यांनी परवानगी न विचारता उतरवून उलटी केली आणि म्हणाले, "बॅजची ही पट्टी मूळची नाही." वॉचमन घाबरून उभा राहिला. "साहेब, टोपीबी मूळची नाय. दुसऱ्या पाळीवाल्याची हाय. माझी अजून आलीच नाय." साडूंनी त्याला प्रामाणिकपणाबद्दल पास केलं आणि आम्ही आत जाऊन पासबुक भरून घेतलं.

या साम्राज्याला एकच शत्रू होता, तो म्हणजे ताईंची चिंच. जुन्या पितळेवरची काळपट झाक हा साडूंच्या मते बॅजचा जन्मदाखला, आणि ताईंच्या मते मळ. ताई पितळ काळं बघू शकत नाहीत. म्हणून बॅजचं कपाट कायम कुलपात आणि किल्ली साडूंच्या जानव्याला. देव्हारा मात्र ताईंच्या ताब्यात होता, आणि सगळी भानगड तिथेच झाली.

साडूंच्या देव्हाऱ्यात टाकांच्या शेजारी त्यांच्या घराण्याचा वीर आहे. साडूंचे पणजोबा पलटणीत होते. ते समुद्रापार लढाईवर गेले आणि परत आले नाहीत. आला तो त्यांचा टोपीवरचा बॅज, वर मुकुट आणि खाली बिगूल असा. घरातल्यांनी त्यालाच वीर म्हणून देवात बसवला. नाशकात धुळवडीला घरोघरचे वीर निघतात. घरचा कर्ता पुरुष वीर हातात घेऊन वाजतगाजत, नाचत गोदेवर जातो आणि त्याला आंघोळ घालून परत आणतो. साडूंचे वडील, म्हणजे दादा, हा मान घ्यायचे, तेव्हा त्यांची मूठ अशी काही वळायची की घरी आल्यावरही उघडायची नाही. वीर अंगात येतो म्हणून गल्लीतल्या बायका त्यांच्या पाया पडायच्या. शेवटी साडूंची आजी कोमट पाणी ओतून एकेक बोट सोडवायची. साडूंचा बॅजचा नाद सुरू झाला तो या मुठीतून. पण जगातले बॅज तपासणाऱ्या या माणसाने घरच्या वीराला कधी भिंग लावलं नव्हतं. एकदा मी विचारलं, तर म्हणाले, "देवाची परीक्षा घेत नसतात." चांदीच्या गणपतीला कसोटीवर घासून मगच देवात बसवणाऱ्या माणसाने हे म्हणावं! त्यांना भीती वाटते हे मला तेव्हाच कळलं, आणि पहिल्यांदाच त्यांच्याबद्दल माया वाटली.

पुढे त्याच पलटणीचे आणखी तीन बॅज त्यांना मिळाले. चांगले तावून-सुलाखून तपासले, पास केले आणि वीराला एकटं वाटू नये म्हणून देव्हाऱ्यात त्याच्या डावीकडे ओळीने मांडले. ताई वीराला शेंदूर लावायच्या तसा या तिघांनाही पुढूनमागून लावू लागल्या. साडूंनी हरकत घेतली नाही. "पलटणीत गणवेश एकच हवा," असं त्यांचं म्हणणं. उजवीकडचा पणजोबा, बाकीचे सोबती, इतका सोपा हिशोब होता.

गेल्या धुळवडीला आम्ही दोघं त्यांच्याकडे जेवायला गेलो होतो. पुरणपोळ्या झाल्या, खाली वाजंत्री येऊन उभे राहिले, साडू फेटा बांधून देव्हाऱ्यापाशी गेले आणि तिथूनच ओरडले. आम्ही धावलो. ताटात चार बॅज सोन्यासारखे लखलखत होते. मिरवणुकीत देव कळकट दिसतात, लोक काय म्हणतील, म्हणून ताईंनी आदल्या दिवशी अख्खी पलटण चिंचेच्या पाण्यात बुडवून, शेंदराचे थर खरवडून, रांगोळीने घासली होती.

"यातला वीर कोणता?" साडूंचा आवाज चिरकला.

"घ्या ना कुठलाही. चारही सारखेच तर आहेत," ताई म्हणाल्या.

"अगं, चार पणजोबा असतात का कुणाला?"

"असतात की. चारच असतात."

मी बोटांवर मोजलं. ताईंचं बरोबर होतं. पण ती वेळ साडूंना हे समजावून सांगण्याची नव्हती. खाली ढोल वाजायला लागला होता, आणि भलत्याच कुणाचा बॅज आंघोळीला नेला तर खरे पणजोबा या वर्षी देव्हाऱ्यातच कोरडे राहणार होते. साडूंनी भिंग काढलं. पहिला उलटा केला, पोकळ पाठ. "पास." दुसरा, पास. तिसरा, पास. चौथा त्यांनी उलटा केला आणि तसाच धरून ठेवला. त्याची पाठ भरीव होती. भिंगाची गरजच नव्हती, मलाही दिसलं.

साडू पाटावर बसले. मी वाट बघत होतो, पण "रिजेक्ट" काही आलं नाही.

"ओतीव आहे," ते हळू म्हणाले. "आपल्याच कुणा तांबटाचं काम. तीन मी स्वतः पास करून आणलेत. न तपासलेला एकच होता. म्हणजे हाच वीर."

ताईंच्या डोळ्यांत पाणी आलं. "मी उगाच घासलं हो."

"नाही गं. खोटा निघाला म्हणून तर ओळखता आला." मग बराच वेळ त्या भरीव पाठीवरून अंगठा फिरवत राहिले. "दादांच्या अंगात येत नव्हतं कधी. खरा त्यांच्या हातून सुटला असणार एकदा, गोदेत. घरी आजीला काय सांगतील? तिचा सासरा दोनदा हरवला म्हणून? कुणाचा तरी बॅज आणून त्यावरून हा ओतून घेतला असेल. आणि मग जन्मभर मूठ सोडली नाही."

खालून कुणीतरी हाक मारली, "काका, चला लवकर, उन्हं कलली!" ताईंनी डोळे पुसले, चिमूटभर शेंदूर तेलात कालवला आणि वीराला लावला. उघडा कसा न्यायचा, म्हणाल्या. मग उरलेल्या तिघांनाही बोट लावलं.

साडू त्या दिवशी जसे नाचले तसे मी त्यांना कधी नाचताना पाहिलं नव्हतं. कारखान्यातला एखादा जुना कामगार बघता तर त्याला हा माणूसच डुप्लिकेट वाटला असता. घाटावर गर्दी होती, रंग उडत होता, सगळीकडे वीर पाण्यात बुडत आणि वर येत होते. साडू कमरेएवढ्या पाण्यात शिरले आणि त्यांनी मुठीसकट वीराला तीनदा बुडवलं. बाहेर आल्यावर त्यांच्या डोळ्यांत गुलाल गेला होता, निदान त्यांनी तसं सांगितलं. मी म्हणालो, "द्या इकडे, मी धरतो. तुम्ही तोंड पुसा." त्यांनी मूठ मागे घेतली आणि डाव्या हाताने तोंड पुसलं.

घरी आल्यावर ताईंनी काही न विचारता तांब्याभर कोमट पाणी आणलं आणि त्यांच्या मुठीवर ओतायला सुरुवात केली. तांब्या रिकामा झाला तरी मूठ मिटलेलीच होती. ताई दुसरा तांब्या आणायला आत गेल्या.